टीव्हीसाठी साउंडबार कसा निवडावा?

विद्यार्थी मित्रांनो, 'पान' आणि 'कान' हे दोन शब्द उच्चारून पाहा. दोहोंत फरक फक्त पहिल्या व्यंजनाचा. व्यंजने ओळखण्यास लागणारा तपशील बहुतांशी १,००० हर्ट्झच्या वरच्या कंप्रतांत असतो. (कंप्रता म्हणजे दर सेकंदाला होणाऱ्या कंपनांची संख्या.) वाढत्या वयात नेमक्या याच उच्च कंप्रता आधी ऐकू येईनाशा होतात. त्यात पाचगणीसारख्या गावी जुलैचा पाऊस पत्र्यावर कोसळू लागला, की टीव्हीवर कोणीतरी बोलत आहे एवढेच आजोबांना कळते. काय बोलत आहे, ते कळत नाही. मग घरात साउंडबार घेण्याचा विचार सुरू होतो. हजारो रुपये खर्चण्याआधी यामागील विज्ञान पाहू या.

आवाज कुठे हरवतो?

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या काळच्या टीव्हीत लांब चित्रनलिका असे, म्हणून पेटीही खोल असे. पेटीत ध्वनिक्षेपकाला भरपूर जागा मिळे आणि पुष्कळदा तो पडद्याशेजारी, श्रोत्याकडे तोंड करून बसवलेला असे. आजचा टीव्ही पाटीसारखा पातळ झाला आहे. त्याचे छोटे ध्वनिक्षेपक बहुधा खाली किंवा मागे तोंड करून असतात.

यामुळे दोन तोटे होतात. पहिला खर्जाचा. आवाजाची पातळी तीच ठेवून कंप्रता निम्मी केली, तर ध्वनिक्षेपकाच्या पडद्याला चौपट अंतर पुढेमागे हलावे लागते. १,००० हर्ट्झऐवजी १०० हर्ट्झचा स्वर हवा असेल, तर शंभरपट! पातळ पेटीतल्या चिमुकल्या पडद्याला हे साधत नाही. दुसरा तोटा व्यंजनांचा. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. त्याला कंप्रतेने भागले, की तरंगलांबी मिळते: १०० हर्ट्झला ३.४ मीटर, तर ३,४०० हर्ट्झला फक्त १० सेंटिमीटर. लांब लहरी अडथळ्याला वळसा घालून येतात; आखूड लहरी मात्र टेबलावर किंवा भिंतीवर आदळून भलतीकडे जातात. म्हणून आजोबांच्या कानांना दोष देण्याआधी, आपल्या टीव्हीचा ध्वनिक्षेपक कोणीकडे तोंड करून आहे ते पाहावे.

साउंडबार म्हणजे एका लांबट पेटीत बसवलेले अनेक ध्वनिक्षेपक. त्यांपैकी मुख्य ध्वनिक्षेपक श्रोत्याकडे तोंड करून असतात, हाच त्याचा सर्वांत मोठा फायदा.

आकड्यांचा अर्थ

खोक्यावर २.१, ३.१, ५.१ असे आकडे असतात. पहिला आकडा ध्वनिमार्गांची संख्या सांगतो, '.१' म्हणजे खर्जासाठीचा वेगळा ध्वनिक्षेपक, अर्थात सबवूफर. तीन मार्ग असले, तर डावा, उजवा आणि मधला. चित्रपटातील संवाद प्रामुख्याने मधल्या मार्गाने येतात. तो वेगळा असला, तर संगीत न वाढवता फक्त बोलणे मोठे करता येते. बातम्या आणि मालिका ऐकणाऱ्या घराला ३.१ अधिक उपयोगी, ते यामुळे.

वॅटच्या आकड्याला मात्र भुलू नये. शक्ती दुप्पट झाली, तरी पातळी फक्त ३ डेसिबेलने वाढते. आवाज दुप्पट मोठा वाटावा यासाठी शक्ती सुमारे दहापट लागते. म्हणून १०० आणि २०० वॅटच्या बारमधला फरक कानाला थोडाच जाणवतो.

टेबललँडवरचा धडा

पाचगणीच्या टेबललँडवर, म्हणजे जांभ्या दगडाच्या विस्तीर्ण पठारावर, एक मित्र १७० मीटर दूर उभा राहून दगडावर दगड आपटत आहे असे समजा. दगड आपटलेला लगेच दिसेल, आवाज मात्र अर्ध्या सेकंदाने येईल. (पठार उंच असल्याने हवा विरळ आहे, तरी ध्वनीचा वेग त्यामुळे बदलत नाही, तो मुख्यतः तापमानावर अवलंबून असतो.)

ब्लूटूथने जोडलेल्या साउंडबारमध्ये हेच घडू शकते. ध्वनीचे सांकेतिक रूप करणे, पाठवणे आणि पुन्हा उलगडणे यांत ०.१ ते ०.२ सेकंद सहज जातात. ०.२ सेकंद म्हणजे ६८ मीटर दूरच्या माणसाचे बोलणे ऐकण्यासारखे! ओठ आधी हलतात, शब्द मागून येतात. आवाज सुमारे ०.१२५ सेकंदाहून अधिक उशिरा आला, की हे ध्यानात येऊ लागते. उलट तो ०.०४५ सेकंद आधी आला तरी खटकते. कारण निसर्गात आवाज चित्राच्या पुढे कधी धावत नाही. बारवरील 'विलंब' बटण आवाज आणखी मागे नेते, पुढे आणत नाही. म्हणून तारेची जोडणी बरी. टीव्हीच्या मागे एचडीएमआयच्या एखाद्या खाचेवर 'एआरसी' किंवा 'ईएआरसी' लिहिले आहे का ते पाहावे. तशी खाच नसेल, तर प्रकाशतंतूची म्हणजे 'ऑप्टिकल' जोडणी असलेला बार घ्यावा.

छप्पर आणि भिंती

काही महाग साउंडबार आवाज वर फेकतात. तो छतावरून परावर्तित होऊन खाली येतो आणि विमान डोक्यावरून गेल्याचा भास होतो. पण यासाठी छत सपाट, कठीण आणि बेताच्या उंचीचे हवे. पाचगणीतील जुन्या बंगल्यांची छपरे उतरती असतात. आरसा जितक्या अंशांनी फिरवावा, त्याच्या दुप्पट अंशांनी परावर्तित किरण वळतो, हे तुम्ही प्रकाशाच्या धड्यात शिकला आहात. ३० अंश उताराचे छत आवाज ६० अंश बाजूला फेकील! अशा घरात हा जादा खर्च वाया जातो.

रिकाम्या खोलीत आवाज घुमतो. हार्वर्ड विद्यापीठातील वॉलेस सॅबिन यांनी १८९५ पासून एका घुमणाऱ्या सभागृहात खुर्च्यांच्या गाद्या आणून ठेवल्या आणि घुमणे किती कमी होते ते मोजले. आपल्यालाही सतरंजी आणि जाड पडदे हा उपाय साउंडबारहून कितीतरी स्वस्तात करता येतो.

खरेदीपूर्वी मोजमाप

टीव्हीचा आकार कर्णात सांगतात. नेहमीच्या टीव्हीची रुंदी कर्णाच्या ०.८७ पट असते. ४३ इंची टीव्हीची रुंदी ४३ × २.५४ × ०.८७ = सुमारे ९५ सेंटिमीटर. बार याहून लांब नसावा. त्याची उंचीही मोजावी. नाहीतर पडद्याचा खालचा भाग किंवा रिमोटचा ग्राहक झाकला जाईल. खर्जाची दिशा कानाला नीट कळत नाही, म्हणून सबवूफर बाजूला ठेवला तरी चालतो. कोपऱ्यात ठेवल्यास खर्ज वाढतो, पण फार वाढला तर संवाद बुडतात.

करून पाहा

बातम्या लावून टीव्हीच्या खालच्या कडेजवळ जाड पुठ्ठा तिरका धरा. खाली जाणारा आवाज खोलीकडे वळेल असा कोन शोधा. शब्द अधिक स्पष्ट झाले का? झाले असतील, तर तुमच्या घरी आवाज कमी नाही, त्याची दिशा चुकली आहे. मग दुकानात मोठ्या संगीताऐवजी बातम्या लावायला सांगा आणि आजोबांनाच ऐकू द्या. निर्णय त्यांचे कान देतील.