बातम्यांचा पूर आणि आपली चाळणी

जेद्दामध्ये सकाळचे सात वाजतात तेव्हा कोल्हापुरात साडेनऊ झालेले असतात. पावसाळ्यात कामावर निघण्याआधी तुम्ही घाईघाईने चार मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळे चाळता. राजकारण, सिनेमा, क्रिकेट या गर्दीत पंचगंगेची बातमी काही लवकर सापडत नाही. हे निवडण्याचे काम संगणकाकडे देता येते. कसे ते पाहू.

बातमी येते कशी?

अनेक संकेतस्थळे 'आरएसएस फीड' नावाची एक छोटी फाइल ठेवतात. ही पद्धत नेटस्केपने १९९९ मध्ये आणली. फाइलीत प्रत्येक बातमीचे शीर्षक, दुवा आणि बहुधा वेळ व गोषवारा असतो. फीड रीडर ठरावीक वेळाने ती फाइल उतरवतो आणि नवे तेवढे दाखवतो. थंडरबर्ड हा मोफत ईमेल प्रोग्रॅम हे काम करतो आणि ईमेलसारखेच बातम्यांनाही फिल्टर लावू देतो.

मराठीची चाळणी

फिल्टरला अर्थ कळत नाही, तो फक्त अक्षरे जुळवतो. पूर्वी प्रत्येक वृत्तपत्राचा फॉन्ट वेगळा असे, त्यामुळे हेही अवघड होते. युनिकोडमुळे ती अडचण गेली. पण व्याकरण आहेच!

'पाऊस' हा शब्द दिलात तर 'पावसाचा जोर वाढला' ही बातमी निसटते, कारण विभक्ती लागताना मूळ रूप बदलते. म्हणून 'पाऊस' आणि 'पावसा' दोन्ही द्या. 'कोल्हापूर' दिल्यास 'कोल्हापुरात' सुटते. त्याऐवजी 'कोल्हाप' द्या. 'पंचगंगा' आणि 'पंचगंगेची' दोन्हींसाठी 'पंचगंग' पुरते. नुसता 'पूर' मात्र देऊ नका. नागपूर, सोलापूर, पंढरपूर सगळे आत येतील. त्यापेक्षा 'राधानगरी', 'राजाराम बंधा' असे नेमके शब्द घ्या. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्याशी मोजतात: इशारा ३९ फुटांवर, धोका ४३ फुटांवर. ऑगस्ट २०१९ मध्ये ती ५५ फुटांच्या वर गेली होती.

दोन पथ्ये

न जुळलेल्या बातम्या लगेच पुसू नका. जुळलेल्या वेगळ्या फोल्डरमध्ये हलवा आणि आठवडाभराने उरलेल्यांवर नजर टाका. काय निसटले ते दिसेल आणि नवे शब्द सुचतील.

दुसरे, रीडर तासाने फाइल तपासत असेल तर बातमी तासभर उशिरा पोचू शकते. पाणी चढत असताना आधी घरी फोन करा, फीड नंतर वाचा.