तुझं दान तुला दिसत नाहीये, एवढंच

परवा प्रार्थनेनंतर कपबश्या विसळताना तू हळूच म्हणालीस, "ताई, मला गाता येत नाही, साक्ष द्यायला उभी राहिले की पाय लटपटतात. मला कुठलं कृपादान मिळालंय तरी का?" तेव्हा घर माणसांनी भरलं होतं, म्हणून आज निवांत बोलते.

खरं सांगू का, पेटी वाजवणं आणि भाषण करणं म्हणजेच कृपादान, असं आपण धरून चालतो. रोमकरांस पत्राचा 12वा अध्याय उघडून बघ. शिकवण्याच्या जोडीला सेवा आहे, देणं आहे, दया आहे, आणि पाहुण्यांचं आगतस्वागतही आहे. बायबलातली यापोची दुर्कस आठव. ती गेली तेव्हा विधवा बायका तिनं शिवलेले कपडे पेत्राला दाखवत रडत होत्या.

मी लग्न होऊन तामलवाडीत आले तेव्हा मला कुणाला 'नाही' म्हणता यायचं नाही. शब्बाथशाळा घेतली, महिला मंडळाचा हिशेबही घेतला. दर रविवारी पहाटे उठून भाकरी थापायच्या, पोरांना आवरायचं आणि सोलापूरची एसटी गाठायची. हिशेब काही जुळेना, राग घरच्यांवर निघायचा. शेवटी वही पाळकबाईंपुढे ठेवली आणि रडले. ती वही दुसरीनं घेतली, आठवड्यात जुळवली, तेही गुणगुणत! तेव्हा मला कळलं गं, मी तिचंच दान अडवून बसले होते.

म्हणून तू एकच काम हातात घे आणि तीन महिने नेटानं कर. थकवा येईल, त्याला भिऊ नकोस. त्यात जीव रमतो का आणि कुणाचा भार हलका होतो का, तेवढं बघ. दोन जाणत्या बायकांनाही विचार, कारण आपलं आपल्याला दिसत नाही. नाही जमलं तर काम परत दे. त्यात लाज कसली?

आणि उशीर झाला असं म्हणू नकोस. लक्ष्मीबाई टिळकांनी शाळेचं तोंड फारसं पाहिलं नव्हतं. 1919 साली त्यांचे यजमान ना. वा. टिळक गेले तेव्हा येशूच्या जीवनावरचं त्यांचं काव्य 'ख्रिस्तायन' अपुरं होतं. पन्नाशी ओलांडलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढचे 64 अध्याय लिहून ते पुरं केलं. तुझं तर आता कुठं सुरू होतंय.

बघ, कुणाच्या घरी आजारपण आलं की तू न बोलावता पिठलं-भाकरी घेऊन पोचतेस. मागच्या आळीतली म्हातारी माझ्याशी चार वर्षांत चार वाक्यं बोलली नाही, तुझ्याजवळ मात्र तासभर मन मोकळं करते. तुला ते साधं वाटतं, कारण ते तुला सहज जमतं.

गुरुवारी घरप्रार्थनेच्या तासभर आधी ये. आपण दोघी आधी त्या म्हातारीकडे जाऊ. बोलायचं तू, मी नुसती बसेन. आणि त्या दिवशी कपबश्या मी विसळणार.