पुढच्याच्या मागे चालताना

‘हरिश्चंद्रगडावर हरवायचं म्हटलं तरी हरवता येत नाही, एवढी गर्दी असते,’ असं आम्हाला बसमध्येच सांगण्यात आलं होतं. सांगणारा ट्रेक नेणाऱ्या मंडळींपैकी होता, त्यामुळे कुणी शंका काढली नाही. ऑगस्टमधला शनिवार, रात्रीची बस, सकाळी कोकणकडा, संध्याकाळी परत. गर्दी तर त्याने सांगितली त्याहून जास्त निघाली. तरीही रविवारी दुपारी आमच्यातली दहा-बारा माणसं कोकणकड्याहून देवळाकडे परतताना माथ्यावरच भलतीकडे गेली. मी आणि माझी भाची त्यांतच होतो. एका बाईंचा पाय मुरगळण्यापलीकडे कुणाला काही झालं नाही, पण ते थोडक्यात निभावलं. त्यानंतर गडावर जायला निघालेला कुणी भेटला की मी त्याला अडवून हे सांगत बसते. तेच इथे लिहिते आहे.

ज्यांनी गड पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख. हरिश्चंद्रगड नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात आहे. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा तो भाग. तारामती हे त्याचं सर्वांत उंच शिखर, सुमारे १४०० मीटरचं. मुंबई-कल्याणकडचे लोक बहुधा माळशेज घाट चढून खुबी फाट्याला उतरतात, पिंपळगाव जोगा धरणाच्या कडेने खिरेश्वर गाठतात आणि तोलार खिंडीतून वर जातात. खिंडीत वाघ कोरलेला एक दगड आहे. तिथून पुढे कातळटप्पा लागतो, त्याला लोखंडी रेलिंग आहे, आणि मग टेकडी संपली म्हणावं तर पुढे आणखी एक टेकडी. दुसरी वाट राजूरकडून पाचनईची, सगळ्यांत सोपी. बेलपाड्याहून येणारी नळीची वाट केवळ जाणत्यांसाठी, आणि पावसाळ्यात त्यांच्यासाठीही नाही. वर हरिश्चंद्रेश्वराचं दगडी देऊळ, त्याच्या अंगणातली पुष्करणी, शेजारी केदारेश्वराची गुहा. गुहेत गार पाण्याच्या मधोमध भलं मोठं शिवलिंग आणि भोवतीच्या चार खांबांपैकी शाबूत उरलेला एकच. चांगदेवांनी इथे तप केल्याचं सांगतात. खरं तर एवढं पाहायला एक अख्खा दिवस पुरत नाही. पण आजकाल लोक देवळाला धावता नमस्कार करतात आणि कड्याकडे पळतात. आमचंही तेच वेळापत्रक होतं.

कडा देवळापासून पश्चिमेला अर्ध्या-पाऊण तासावर आहे. रात्रीच्या बसचं खूळ आलं तेही त्याच्याचमुळे. इथे इंद्रवज्र दिसतं. दरीतल्या धुक्यावर पूर्ण गोल इंद्रधनुष्य आणि मधोमध आपलीच सावली. कर्नल साईक्स याला ते १८३५ साली दिसल्याचा उल्लेख गडाविषयीच्या बहुतेक लेखांत सापडतो. त्यासाठी सूर्य पाठीशी आणि धुकं समोर खाली लागतं. कडा पश्चिमेकडे तोंड करून उभा, म्हणजे वेळ सकाळची. म्हणून सकाळी कड्यावर हजर राहण्यासाठी माणसं बसमध्ये मान लटकवून कशीबशी डुलकी काढतात आणि पहाटेच्या अंधारात विजेरीच्या उजेडात चढायला लागतात. आणि भर पावसाळ्यात सूर्यच उगवताना दिसत नाही, तर इंद्रवज्र कुठून दिसणार? आम्हालाही दिसलं नाही. समोर पांढरी भिंत होती आणि तिच्यासमोर फोटो काढायला माणसांची रांग.

अकराच्या सुमारास परत फिरलो तेव्हा धुकं एवढं दाट झालं होतं की चार-पाच माणसांपलीकडचं दिसेना. आमचा म्होरक्या सर्वांत पुढे गेला होता. त्याचा जोडीदार कड्यावर मागे राहिलेल्यांना गोळा करत होता. मध्ये आम्ही, आणि आमच्यात इतर तीन-चार गटांची माणसं मिसळलेली. पुढे नारिंगी रेनकोटातला एक उंच मुलगा झपझप चालला होता. धुक्यात तेवढा रंग ठळक दिसत होता, म्हणून सगळे त्या रंगामागे. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. वाट हळूहळू उताराला लागली, दोन्ही बाजूंनी कारवी अंगावर यायला लागली, उजव्या हाताला पाण्याचा आवाज यायला लागला. सकाळी येताना असं काही लागलं नव्हतं. पण सकाळी आम्ही वाट पाहिलीच कुठे होती, तेव्हाही कुणाच्या तरी पाठीवरची सॅकच पाहत आलो होतो.

भाची म्हणाली, ‘आत्या, थांब ना. पुढे चिखलात बुटांचे ठसेच नाहीयेत.’

एवढी माणसं त्या दिवशी गडावर होती आणि वाटेवर ठसे नाहीत! फक्त गुरांच्या खुरांचे. हाका मारून सगळ्यांना थांबवलं. त्या थांबण्याच्या गडबडीतच एका बाईंचा पाय शेवाळावरून घसरला आणि घोटा मुरगळला. रेनकोटवाल्या मुलाला विचारलं, तू कुठल्या ग्रुपचा? तो पुण्याहून आलेला, गडावर पहिल्यांदाच. तो बिचारा आमच्यापेक्षा जास्त घाबरला. मागे एवढी माणसं येतायत म्हणजे वाट बरोबरच असणार, असं त्याला वाटत होतं. पुढे माणूस चाललाय म्हणजे वाट बरोबरच असणार, असं आम्हाला.

गर्दीच्या गडावर माणसं चुकतात ती अशी. निर्जन डोंगरावर गेलेला माणूस पावलोपावली विचारत, थांबत, खुणा करत जातो. इथे तो विचार प्रत्येकाने दुसऱ्यावर सोपवलेला असतो.

कुणाकडे तरी शिटी होती. ती वाजवत आम्ही जागेवर बसून राहिलो. काही वेळाने कारवीतून पाचनईचे एक मामा आले. कड्याजवळ चहा-भजी विकतात, डोक्यावर प्लास्टिकची खोळ. ‘ही गुरांची वाट हाय बाई,’ ते म्हणाले, ‘पानी पुढं खाली उडी घेतंय. तुमी पन घेनार व्हता का?’ त्यांनी आम्हाला उलटं फिरवलं आणि फार वेळ न लागता आम्ही मूळ वाटेवर आलो. खरोखर एवढंच अंतर होतं. देवळापाशी पोचलो तेव्हा आमचे संयोजक पिठलं-भाकरी जेवत होते. आम्ही नाहीसे झाल्याचं त्यांच्या गावीही नव्हतं. ‘येतीलच म्हटलं सगळे,’ असं उत्तर मिळालं. मोजणी बसमध्ये बसल्यावर होते, म्हणे.

म्हणून पहिली गोष्ट. पैसे भरण्याआधी ट्रेक नेणाऱ्याला दोनच प्रश्न विचारा. किती माणसांमागे किती जाणते, आणि सर्वांत शेवटी कोण चालणार? पुढे चालणारा हौसेने कुणीही होतो. शेवटच्या माणसाच्याही मागे चालणारा, कंटाळा न करता थांबणारा माणूस ठरलेला नसेल, तर तो ट्रेक म्हणजे नुसती बसची तिकीटविक्री आहे. मोजणी कड्यावरून निघताना, देवळापाशी आणि उतरण्याआधी अशी प्रत्येक वेळी व्हायला हवी. संयोजक करत नसतील तर आपणच चार-पाच जणांची टोळी करावी आणि एकमेकांना नजरेआड होऊ देऊ नये.

चढताना मधूनमधून वळून मागे बघण्याची सवय लावा. उतरताना दिसणारी वाट चढतानाच्या वाटेसारखी दिसत नाही. जिथे दोन वाटा फुटतात तिथे मागे तोंड करून एक फोटो काढून ठेवा. तुमच्या शंभर सेल्फींपेक्षा तो उपयोगी पडेल. हरिश्चंद्रगडाच्या माथ्यावर अशा जागा बऱ्याच आहेत. बालेकिल्ल्याची वाट, तारामतीची वाट, खिरेश्वरची, पाचनईची, आणि त्यांना छेदणाऱ्या गुरांच्या असंख्य. वर मोबाइलच्या रेंजचा भरवसा धरू नका, पण नकाशा घरूनच उतरवून घेतलेला असेल तर रेंज नसतानाही आपण कुठे आहोत ते फोन दाखवतो. अर्थात सकाळपासून व्हिडिओ काढून बॅटरी संपवली नसेल तर.

धुकं उतरलं आणि वाटेची शंका आली की चालणं थांबवा. ज्या जागेबद्दल खात्री होती तिथपर्यंत आल्या वाटेने मागे या. ती सापडत नसेल तर एका जागी बसा आणि शिटी वाजवत राहा. सह्याद्रीतलं धुकं बऱ्याचदा तास-दोन तासांत हलतं, आणि गर्दीच्या गडाचा खरा फायदा इथे आहे, आवाज ऐकणारं कुणी ना कुणी असतं. मात्र ‘पाण्याच्या मागे गेलं की गाव लागतं’ हा सल्ला इथे मनातून काढून टाका. आपला डोंगर लाव्हाच्या एकावर एक थरांचा बनलेला आहे. कठीण थराचा कडा, मऊ थराचा उतार, पुन्हा कडा, अशा त्याच्या पायऱ्या. गवताळ सपाटीवरून ओढा खेळत जातो आणि अचानक शे-दोनशे फूट खाली पडतो. त्याच्या मागे जाणारा माणूस ना खाली उतरू शकतो, ना निसरड्यावरून परत वर येऊ शकतो. बचाव पथकांना अशा मधल्या टप्प्यावर अडकलेल्यांपर्यंत पोचायला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

आता प्रत्यक्ष कड्याविषयी. कोकणकडा सरळ भिंत नाही. तो मध्यभागी आत वळलेला आहे, वरचा काठ पुढे आलेला. पडवीच्या पुढे आलेल्या छपरावर उभं राहून अंगण बघावं तसं ते आहे. आपल्या पायाखाली काय आहे ते काठावरून दिसतच नाही. दिसतं ते एकदम अर्धा किलोमीटर खालचं कोकण. त्यामुळे ‘इथे खडक भक्कम आहे’ हा वरून बघून काढलेला निष्कर्ष कवडीमोलाचा. शिवाय दरीतून वर येणारा वारा. हलक्या वस्तू टाकल्या तर तो परत वर फेकतो, याची गंमत सगळे करतात. तोच वारा सोसाट्याने येतो आणि अचानक थांबतो. त्याला रेटून पुढे झुकलेल्या माणसाचा तोल त्या थांबण्याने जातो. कोरड्या ऋतूत, स्वच्छ हवेत कडा बघायचा तर काठापासून लांबच गुडघे टेकावेत, मग पालथं पडून सरकावं, आणि तसंच सरकत मागे यावं. काठाच्या जवळ उठून उभं राहायचं नाही. मुलांना हात धरून काठाशी नेणारे आईबाप मी पाहिले आहेत. घसरणाऱ्याचा हात धरलेला माणूस त्याला वाचवत नाही, त्याच्यासोबत जातो. पावसाळ्यात, शेवाळ आणि ओलं गवत असताना, काठाशी जाण्यासारखं काही नाहीच. दिसत काही नसतं आणि पाय मात्र सुटतात.

संध्याकाळचा सूर्यास्त बघायला थांबणाऱ्यांना एवढंच सांगेन की मुक्काम वरच करा. पाचनईची माणसं तंबू देतात, गरम जेवण देतात, रात्री देवळापाशी सोबत असते. सूर्य बुडाल्यावर तोलार खिंडीचा उतार उतरायला घेणं हा शुद्ध आडमुठेपणा आहे. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी, लहान मुलं किंवा गुडघेदुखीवाली मंडळी बरोबर असलेल्यांनी पाचनईनेच जावं आणि पाचनईलाच उतरावं. धुक्यात चुकून पलीकडच्या बाजूला उतरलात तर जिवाला धोका नाही, पण गाडी खिरेश्वरात आणि तुम्ही पाचनईत. मधलं रस्त्याचं अंतर एवढं की तो दिवस गेलाच म्हणा. जोराच्या पावसात पाचनईच्या वाटेवरचे ओढेही फुगतात. गुडघ्याच्या वर पाणी असेल तर ओलांडू नका. ते ओसरतं, थोडी वाट पाहावी लागते.

बूट, पाणी, विजेरी, रेनकोट यांविषयी सगळीकडे लिहिलेलं असतं, ते वाचा. मी दोन गोष्टींची भर घालते. प्रत्येकाच्या गळ्यात एक शिटी, अगदी दहा रुपयांची. आणि कोरड्या दिवसांत जाणार असाल तर अंगावर सेंट मारू नका, कड्याकपारींजवळ धूर करू नका. आग्या मोहोळ उठलं तर पळायला माथ्यावर आडोसा नाही.

रात्रीच्या बसचा बेत मात्र सोडाच. शुक्रवारी झोप झालेली नाही, शनिवारी बसमध्ये झालेली नाही, आणि रविवारी दुपारी उतरताना मेंदू बंद पडलेला असतो. आम्ही ठशांकडे इतका वेळ पाहिलं नाही, त्याला धुक्याइतकीच ही झोपही कारण होती, असं मला वाटतं. आमच्यात एकटी भाचीच बसमध्ये गाढ झोपलेली होती.

काही घडलंच तर ११२ वर फोन लावून बघा, आणि निघण्यापूर्वी महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरचा मदत क्रमांक शोधून फोनमध्ये ठेवा. पण त्याआधी घरच्यांना एका चिठ्ठीत लिहून द्या: कुठल्या वाटेने चढणार, कुठल्या वाटेने उतरणार, किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर काळजी करायची. अडकलेल्या माणसाकडे सर्वांत आधी पोचतात ती पायथ्याच्या गावची माणसं. त्यांच्याकडे चहा घ्या, जेवण सांगा, वाट विचारा, आणि किती जण वर चाललात ते त्यांना सांगून जा. उतरल्यावर त्याच घरी परत डोकावून ‘आलो हो सगळे’ म्हणा. नाहीतर ते उगीच शोधायला निघतील.