बातमी आणि हिशेब



भायखळा स्टेशनजवळच्या वर्तमानपत्रांच्या स्टॉलपाशी तुम्ही कधी थांबला आहात का? तेथे मराठी, उर्दू, हिंदी, गुजराती व इंग्रजी दैनिके शेजारी शेजारी मांडलेली असतात. त्यांतले ‘इन्किलाब’ तुमच्या ओळखीचे असेलच. त्याच घरातून एक इंग्रजी दैनिकही निघाले, हे तुम्हांला ठाऊक आहे का?

स्वातंत्र्यसैनिक अब्दुल हमीद अन्सारी यांनी १९३८ साली मुंबईत ‘इन्किलाब’ सुरू केले. त्यांचे पुत्र खालिद अन्सारी यांनी वडिलांचा वारसा सांभाळला. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. त्यांनी ‘स्पोर्ट्सवीक’ हे इंग्रजी क्रीडा-साप्ताहिक काढले व त्याचे संपादन केले. १९७९ साली त्यांनी ‘मिड-डे’ हे दुपारचे इंग्रजी दैनिक सुरू केले. सकाळी घडलेली घटना दुपारीच छापून यायची. कचेरीतून परतणारी माणसे लोकलमध्ये ती वाचायची. पुढे ‘मिड-डे’ गुजरातीतही निघाले आणि २००२ साली या समूहाचे एफ. एम. रेडिओ केंद्रही मुंबईत सुरू झाले.

अशा प्रकारे संपादक उद्योगाचा प्रमुख झाला. ही दोन कामे सारखी नाहीत. संपादक विचारतो, “बातमी खरी आहे का?” व्यवस्थापक विचारतो, “कागदाचे आणि पगाराचे पैसे कोठून येणार?” वाचक देतो त्या किमतीत वर्तमानपत्राचा खर्च भागत नाही. बाकीचा भार जाहिराती उचलतात. मग जाहिरात देणाऱ्यालाच न आवडणारी बातमी हाती आली तर? ती छापली तर पैसा जाईल, दडवली तर वाचकाचा विश्वास जाईल. गेलेला पैसा पुन्हा मिळवता येतो. विश्वासाचे तसे नसते.

२०१० साली ही वर्तमानपत्रे जागरण समूहाकडे गेली. मालक बदलले, तरी ‘इन्किलाब’ आजही निघते. कारण त्याचा वाचक टिकून आहे.

मित्रांनो, उर्दू ही तुमची शिक्षणाची भाषा आहे. मराठी तुम्ही शिकतच आहात. उद्या सकाळी दोन्ही भाषांतील एकेक दैनिक शेजारी ठेवा. एकच बातमी दोघांनी कशी दिली आहे, ते पाहा. कोणी काय सांगितले आणि काय गाळले, हे ज्याला ओळखता येते, त्याला सहसा कोणी फसवू शकत नाही.

शब्दार्थ
वारसा – वडिलांकडून आलेला ठेवा
कचेरी – दफ्तर, ऑफिस
दडवणे – लपवणे
गाळणे – वगळणे, सोडून देणे

स्वाध्याय
१. संपादक व व्यवस्थापक यांच्या कामांत कोणता फरक आहे?
२. तुम्ही संपादक असता, तर जाहिरातदाराला न आवडणारी खरी बातमी छापली असती का? पाच वाक्यांत लिहा.