एका प्रश्नाची दोन उत्तरे

१३५ मिनिटे म्हणजे किती वेळ? दोन तास आणि पंधरा मिनिटे. प्रश्न एक असला तरी उत्तरात दोन संख्या आहेत: १३५ ला ६० ने भागले असता येणारा भागाकार आणि उरणारी बाकी. संगणकाच्या आज्ञावलीत असे नेमून दिलेले काम करणाऱ्या भागाला फंक्शन म्हणतात. त्याने ही दोन्ही उत्तरे परत कशी करावीत?

गिडो व्हान रॉसम यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या पायथन भाषेत याच भागाकारासाठी ‘डिव्हमॉड’ हे फंक्शन आहे. ते २ आणि १५ यांचे एक गाठोडे बांधून परत करते. या गाठोड्याला टपल म्हणतात. वस्तुतः परत येते ती वस्तू एकच. ती घेणारा गाठ सोडतो आणि पहिल्या मूल्याला ‘तास’, दुसऱ्याला ‘मिनिटे’ असे नाव देतो. मूल्ये आणि नावे यांची संख्या जुळली नाही, तर आज्ञावली तेथेच थांबते आणि चूक कळवते.

१९९३ साली ब्राझीलमधील रिओ दि जानेरो येथे जन्मलेल्या लुआ भाषेची रीत निराळी आहे. तेथे गाठोडे नसतेच. मूल्ये सुटी परत येतात. नावे कमी पडली तर उरलेली मूल्ये निमूटपणे टाकून दिली जातात. नावे जास्त झाली तर रिकाम्या जागी ‘निल’, म्हणजे ‘काही नाही’, हे मूल्य येते. सोय मोठी, परंतु चूकही तितक्याच निमूटपणे पुढे सरकते.

दोन्ही भाषांत, कोणत्या नावात कोणत्या प्रकारचे मूल्य राहील हे आधी जाहीर करावे लागत नाही. त्यामुळे संख्येच्या जागी शब्द आला, तरी त्याचा प्रत्यक्ष उपयोग होईपर्यंत दोष उघड होत नाही. आपल्या उदाहरणात तर दोन्ही मूल्ये पूर्णांकच आहेत. त्यांचा क्रम उलटला, तर दोन तास पंधरा मिनिटांचे पंधरा तास दोन मिनिटे होतील आणि कोणतीही भाषा हरकत घेणार नाही.

यावर उपाय म्हणजे गाठोड्यातील प्रत्येक मूल्याला आधीच नाव देणे. २००८ सालच्या पायथनच्या २.६ या आवृत्तीत ‘नेम्ड टपल’ची सोय झाली. मूल्य क्रमाऐवजी नावाने मागता आले, की घेणाऱ्याला क्रम लक्षात ठेवावा लागत नाही. दोन मूल्यांपुरता क्रम पुरतो. मूल्ये वाढू लागली, की नावे देणेच शहाणपणाचे.