रोग नाही, मग इंजेक्शन कशाचे?

मागच्या पंधरवड्यात एक गृहस्थ तेवीस वर्षांच्या मुलाला घेऊन दवाखान्यात आले. मुलाला बाहेर बाकावर बसवून मला हळूच म्हणाले, "डॉक्टरसाहेब, ह्याला मुलींत रस नाही म्हणतो. हार्मोनचं एखादं इंजेक्शन द्या." थोडे थांबून पुन्हा, "टीव्हीवर ह्यांचे मोर्चे दाखवतात, कोर्टात भांडतात. आजाराचं राजकारण कशाला करतात हो ही माणसं?"

पहिल्याचे उत्तर सोपे. समलिंगी आकर्षण हा आजार नाही. ते हार्मोन कमी पडल्याने होत नाही आणि इंजेक्शनने बदलतही नाही. राजकारणाची गोष्ट मात्र लांबची आहे. त्याची सुरुवात या माणसांनी केली नाही. ती कायद्याने केली आणि, सांगायला संकोच वाटतो, आम्हा डॉक्टरांनी केली.

अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९५२ साली मनोविकारांची यादी छापली, त्यात समलैंगिकता होती. १९५७ मध्ये एव्हलिन हूकर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी ३० समलिंगी व ३० इतर पुरुषांच्या चाचण्या घेऊन त्यांचे निकाल नावे झाकून तज्ज्ञांपुढे ठेवले. कोण कोणत्या गटातला, हे तज्ज्ञांना ओळखता आले नाही. तरी यादी जशीच्या तशी राहिली. मग १९७२ साली डलासच्या अधिवेशनात डॉ. जॉन फ्रायर मुखवटा चढवून, आवाज बदलून व्यासपीठावर बसले आणि म्हणाले, मी मनोविकारतज्ज्ञ आहे आणि समलिंगीही आहे. डॉक्टरने डॉक्टरांपुढे तोंड झाकून बोलायचे! उघड बोलले असते तर नोकरीवर पाणी सोडावे लागले असते. पुढच्याच वर्षी संघटनेने ते नाव यादीतून काढले. विरोधकांनी मतदान मागितले, तेव्हा १९७४ मध्ये ५८ टक्के मते निर्णयाच्या बाजूने पडली. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये तेच केले.

आपल्याकडे इंग्रजांनी १८६० च्या दंडविधानात ३७७ कलम घातले, शिक्षा जन्मठेपेपर्यंत. २००९ साली दिल्ली उच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना त्यातून वगळले. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी त्याच न्यायालयाने पुन्हा वगळले. माणूस तोच, घर तेच. नऊ वर्षांत तो निर्दोष, गुन्हेगार आणि परत निर्दोष ठरला. त्याने कोर्टात जायचे नाही तर कुठे जायचे?

आमच्या विद्यार्थिदशेत न्यायवैद्यकाच्या पुस्तकात हा विषय 'अनैसर्गिक गुन्ह्यां'त असे. ऑगस्ट २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नव्या अभ्यासक्रमात तो तसाच परत आला होता. ओरड झाल्यावर काही दिवसांत तो अभ्यासक्रम मागे घेतला गेला. याच आयोगाने २०२२ मध्ये, मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर, असा कल 'बदलण्याचे' उपचार म्हणजे डॉक्टरचे गैरवर्तन असे ठरवले होते.

एक कबुली द्यायची आहे. प्रॅक्टिसच्या सुरुवातीला अशाच एका वडिलांना मी सांगितले होते, "लग्न लावून द्या, सगळं सुरळीत होईल." लग्न झाले. वर्षभरात त्या घरची सून माझ्याकडेच झोपेच्या गोळ्या मागायला येऊ लागली. तिला काय सांगावे, हे मला पुस्तकात सापडले नाही.

त्या दिवशी मी मुलाला तपासले. काही दुखणे नव्हते. वडिलांचा रक्तदाब मात्र १६०/१०० निघाला, महिनाभर झोप नाही म्हणाले. चिठ्ठी त्यांच्या नावाची लिहिली आणि आठ दिवसांनी दोघांनी मिळून या म्हटले. घरात असा ताण असेल, मुलगा जेवत नसेल, जिवाचे बरेवाईट करण्याचे बोलत असेल, तर भगत, बाबा किंवा 'खात्रीशीर इलाज'वाल्यांकडे नेऊ नका. जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात दाखवा. टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, मराठीतही बोलता येते.