रंगीत उजेड आणि सावलीचा रंग

सावली म्हणजे उजेडाचा अभाव, आणि म्हणून तिचा रंग काळा, असें आपण बाळपणापासून समजत आलों आहों. जेथें एकच दिवा आहे तेथें ही समजूत पुष्कळ अंशीं चालते. परंतु जेथें उजेड दोन ठिकाणांहून येतो, तेथें एका दिव्याची सावली म्हणजे केवळ दुसऱ्या दिव्याचा उजेड पडलेली जागा होय. एवढें ध्यानांत ठेविलें म्हणजे हा पाठ कठीण वाटणार नाहीं.

नवी मुंबईचें उदाहरण घेऊं. १९७० सालीं सिडकोची स्थापना झाली, व ठाणें खाडीच्या पूर्व तीरावर, आगरी व कोळी लोकांच्या जुन्या गांवांभोंवतीं हें शहर वसलें. इतर शहरांप्रमाणें येथेंहि पुष्कळ वर्षें रस्त्यांवर सोडियमचे नारिंगी दिवे असत. अलीकडे त्यांची जागा पांढरे एलईडी दिवे घेत आहेत. जेथें नारिंगी दिवा अद्याप आहे, तेथें पौर्णिमेच्या रात्रीं, पारसिकच्या डोंगरावर चंद्र चांगला वर आल्यावर, दिव्यापासून हळूहळू दूर जावें. अंतर दुप्पट झालें कीं दिव्याचा उजेड चौथाई होतो. चंद्राचा मात्र तितकाच राहतो. शेवटीं अशी जागा येते कीं, आपल्या दोन सावल्या सारख्याच गडद दिसतात. चंद्रामुळें पडलेली सावली नारिंगी दिसते, व दिव्यामुळें पडलेली निळी.

पहिलीचें कारण उघड आहे: तेथें चंद्राचा उजेड अडला, दिव्याचा नारिंगी उजेड राहिला. दुसरीवर केवळ चांदणें पडतें. पण चांदणें निळें नाहीं. तें सूर्याचाच परावर्तित प्रकाश असून उन्हापेक्षां किंचित् पिवळसरच असतें. मग निळा रंग आला कोठून?

तो आपल्या पाहण्यांतून आला. भोंवतालचा सर्व उजेड नारिंगी असला म्हणजे डोळा व मेंदू त्यालाच जवळजवळ पांढरा समजूं लागतात. मग ज्या जागीं नारिंगीपणा कमी, ती जागा उलट्या रंगाची, म्हणजे निळसर, भासते.

काउंट रम्फर्ड या शास्त्रज्ञानें १७९४ सालीं या विषयावर निबंध प्रसिद्ध केला. दोन उजेडांची तुलना सावल्यांवरून करीत असतां त्याला त्या रंगीत दिसल्या. त्यानें नळींतून केवळ एकच सावली पाहिली, तेव्हां तिचा रंग नाहींसा झाला.

हा प्रयोग वर्गांत असा करावा:

१. अंधाऱ्या खोलींत भिंतीला पांढरा कागद लावावा. दोन सारख्या टॉर्च हातभर अंतरावर ठेवून त्यांचा उजेड कागदावर पाडावा, व एकीवर लाल जिलेटिनचा कागद बांधावा.

२. कागदापुढें पेन्सिल धरावी. एक सावली लाल व दुसरी हिरवट दिसेल. खोलींत हिरवा दिवा मुळींच नाहीं, हें मुलांना दाखवावें.

३. एका मुलानें आरंभापासूनच एक डोळा मिटून, काळ्या कागदाच्या नळींतून केवळ ती हिरवट सावली पाहावी. दुसऱ्यानें लाल कागद काढावा व पुन्हा लावावा. पाहणाऱ्यास सावलीच्या रंगांत फरक कळणार नाहीं.

या ज्ञानाचा उपयोग दुहेरी आहे. रात्रीं दोन सावल्या, त्यांतून एक निळी, पाहून कोणी भूतबाधेच्या भीतीनें घाबरला, तर त्याला हंसूं नये. ही पेन्सिल त्याच्या हातीं द्यावी. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. सोडियमच्या उजेडांत निळा अंश फार थोडा असतो. म्हणून गडद निळी गाडी काळी व पांढरी गाडी पिवळसर दिसते. अशा दिव्याखालीं अपघात झाला, आणि आपण गाडीचा रंग शपथेवर सांगितला, तर निरपराधी मनुष्य गोंवला जाऊं शकतो. म्हणून रंग सांगतांना उजेड कोणता होता हेंहि सांगावें. डोळा लबाडी करीत नाहीं. तो तुलना करून सांगतो, आणि ती तुलना कशाशीं केली हें साक्षीदारानें विसरूं नये.

प्रश्न: (१) चांदणें निळें नसतां सावली निळी कां दिसते? (२) नळींतून पाहिल्यावर रंग कां जातो? (३) लाल दिव्याऐवजीं हिरवा दिवा घेतल्यास दोन सावल्या कोणत्या रंगांच्या दिसतील? आधीं विचार करून उत्तर लिहावें, मग प्रयोग करून पाहावा.